सध्या काय ऐकून राहिले?

रविवारी रात्री साडेआठच्या ठोक्याला फोन वाजतो आणि माझ्या पोटात गोळा येतो. फोन वसुलीचा असता तर बरं झालं असतं. वसुलीवाल्याला काय सांगायचं ते मला पाठ आहे: कापूस घरातच आहे, भाव येऊ द्या, दिवाळी जाऊ द्या. पण हा फोन पुण्याहून येतो आणि पलीकडचा माणूस पीकपाणी, तब्येत काहीएक न विचारता म्हणतो, "हं, सध्या काय ऐकतोयस?"

आम्ही चौघं अकोल्याच्या कृषी विद्यापीठात एका खोलीत होतो. खोलीत चार खाटा, एक टेपरेकॉर्डर आणि एकोणीस कॅसेटी. पुढं एक जण पुण्याला जाऊन कॉम्प्युटरवाला झाला, एक नागपुरात बँकेत चिकटला, एक नाशिककडे द्राक्षांच्या धंद्यात पडला. शेतीचं शिकून शेतीजवळच राहण्याचा मूर्खपणा मी एकट्यानं केला. दारव्ह्यापासून बारा किलोमीटरवर आमचं गाव आहे आणि गावात माझं कृषी केंद्र. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. उधारीही मिळते, पण तसं पाटीवर लिहिलेलं नाही.

तीनेक वर्षांमागं पुणेकराला साक्षात्कार झाला की आपलं बोलणं आता गुडघे, हप्ते आणि पोरांचे मार्क यांच्या पलीकडं जात नाही. तेव्हा दर रविवारी चौघांनी फोनवर जमायचं आणि प्रत्येकानं त्या आठवड्यात ऐकलेल्या एका अल्बमबद्दल बोलायचं. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमानं, एका बैठकीत ऐकायचा. मधलं काही गाळायचं नाही. ऐकताना दुसरं काम करायचं नाही. मी हो म्हणून बसलो. मे महिना होता, दुकानात चिटपाखरू नव्हतं, आणि उन्हाळ्यात माणूस काहीही कबूल करतो.

अल्बम म्हणजे साधारण चाळीस मिनिटं. हा आकडा काही सरस्वतीनं दिलेला नाही. १९४८ साली कोलंबिया कंपनीनं न्यूयॉर्कात लाँग प्ले तबकडी काढली. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं, दोन बाजू मिळून चाळीस-बेचाळीस. त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर गवयाला तीन-साडेतीन मिनिटांत सगळा पसारा आवरावा लागे. नवी तबकडी आली आणि जगभरच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी आपलं म्हणणं चाळीस मिनिटांत बसवायची सवय लावून घेतली. एका तबकडीवर किती खाचा बसतात हे तिकडं कोणीतरी ठरवलं, आणि त्याची शिक्षा पंचाहत्तर वर्षांनी यवतमाळ जिल्ह्यातला एक खतविक्रेता भोगून राहिला आहे.

कारण गावात चाळीस मिनिटं नसतात. वेळ भरपूर असतो, पण सगळा चिल्लर. पाच मिनिटं इथं, दहा तिथं, आठ पानठेल्यावर. सलग चाळीसची नोट कोणाच्या खिशात नाही. कार्तिकात पहाटे पाचला देवळाच्या भोंग्यावर काकड आरती सुरू होते. ती संपते न संपते तोच केसांवर भांडी देणाऱ्याची गाडी येते. तिचा आवाज टेप केलेला असल्यामुळं तिला दम लागत नाही. नऊ वाजता दारव्ह्याची काळीपिवळी माझ्या दुकानासमोर उभी राहते आणि शेवटचं शिट भरेपर्यंत तिच्यातल्या पेन ड्राइव्हमधली सगळी गाणी वाजतात. नंतर ट्रॅक्टर. आमच्याकडं ट्रॅक्टरला नांगर नसला तरी चालतो, डेक पाहिजे. माझं निरीक्षण असं, की ज्या ट्रॅक्टरचे हप्ते थकलेले असतात त्याचा आवाज जास्त असतो. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना. हा तुकडोजी महाराजांचा मुलूख आहे. प्रार्थनेच्या वेळी कानात दुसरं काही खुपसून बसण्याची माझी प्राज्ञा नाही, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नाही. खंजिरी चांगली वाजत असली की आमचा मान डुलवायचा आठवड्याचा कोटा तिथंच संपतो.

म्हणजे ऐकणं गावात खाजगी नसतंच. कोण काय ऐकतो हे विचारायची गरज पडत नाही, तीन गल्ल्यांना ते आधीच माहीत असतं. नव्या सुनेनं माहेरून आणलेली भुलाबाईची गाणी, म्हाताऱ्याचं भजन, पोट्ट्यांचा डीजे, सगळं सगळ्यांचं. अशा गावात मी कानात इअरफोनचे बोळे घालून बसायला लागलो तेव्हा जे व्हायचं ते झालं. चार दिवसांत शेजारच्या काकू आमच्या घरी येऊन बायकोला हळूच विचारून गेल्या, "काऊन वो, भाऊचे कान गेले म्हंते?" तेव्हापासून अर्धी गिऱ्हाइकं माझ्याशी ओरडून बोलतात. मी ऐकू येतं म्हणून सांगितलं तर ते आणखी ओरडतात, कारण बहिरा माणूस असंच म्हणतो.

म्हणून बोळे काढले आणि दुकानातच छोटा स्पीकर लावायचं ठरवलं. पहिला अल्बम लावला पिंक फ्लॉइडचा 'डार्क साइड ऑफ द मून', १९७३ सालचा. तो सुरू होतो हृदयाच्या ठोक्यांनी. धकधक, धकधक. बाकड्यावर एक आजोबा बसले होते, नुकतेच सावंगीच्या दवाखान्यातून तपासून आलेले. त्यांनी आधी छातीवर हात ठेवला, मग माझ्याकडं पाहिलं, मग पाणी मागितलं. त्यांना घरी पोचवून आलो आणि पुन्हा पहिल्यापासून लावला. पुढं एका ठिकाणी एकदम दहा-बारा घड्याळांचे गजर ठणाणा वाजतात. "भाऊ, तुमचा मोबाईल वाजून राहिला," चौघांनी सांगितलं. एकानं तर तो शोधायला पोत्यांमागं हात घातला.

खरी गंमत दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला झाली. तिथं गल्ला उघडण्याचा, नाणी पडण्याचा, पावती फाटण्याचा आवाज गुंफून त्याचाच ठेका केला आहे. सात मात्रांचा. आपल्या रूपक तालाच्या जवळचा म्हणावा असा. मी हे कोणाला तरी सांगावं म्हणून वर पाहिलं, तर समोर उभ्या शेतकऱ्यानं अंगठा पुढं केलेला. युरिया घ्यायचा तर आमच्याकडं मशीनवर आधारचा अंगठा लावावा लागतो. मशीनमधून आवाज आला, म्हणजे बिल निघालं, असा त्याचा सरळ हिशेब. अंगठा तसाच धरून तो म्हणाला, "लावू काय?"

मी स्पीकर बंद केला.

तरी लोक चौकशी करत राहिले, आणि गिऱ्हाइकाला माझ्या दुकानात जे विचारायची सवय आहे तेच विचारत राहिले. "हे ऐकून काय होते भाऊ? वाढ होते का फूल धरते?" एकानं विचारलं, "कितीक डाव घ्या लागते?" म्हटलं, एकदा नीट ऐकलं की झालं. त्यानं मान हलवली. "एका फवाऱ्यात काई रिझल्ट नाई भेटत." त्या माणसाचं म्हणणं मला आजही खोडता आलेलं नाही. चांगला अल्बम तिसऱ्या फवाऱ्यालाच लागतो.

एकदा वाटलं, आपणच गावाला विचारावं. लोक ऐकतात तर खूप, मग बोलतही असतील. पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेल्या एका भल्या माणसाला मी विचारलं, "काय भाऊ, सध्या कोणता अल्बम?" तो जागेवरच उजळला. म्हणाला, "सांगाचं नाई का आधी! आलाच कालच्याला." आणि घरी जाऊन खरंच घेऊन आला. मखमली पेटीतला, पाटाएवढा, दोन हातांनी उचलायचा, पोरीच्या लग्नाचा अल्बम. पहिल्या पानावर नवरी-नवरदेव स्वित्झर्लंडच्या बर्फात उभे, नवरदेवाच्या कपाळाला बाशिंग. दुसऱ्या पानावर ते दोघं एका गुलाबाच्या फुलात बसलेले. मग हळद, मग मामा, मग मामांचे मामा. प्रत्येक पानावर थांबून कोण कुठला, कोणाला किती एकर, कोण जेवणावरून रुसला होता, हे सविस्तर. क्रमानं, एका बैठकीत, मधलं काही न गाळता. मी घड्याळ पाहिलं तेव्हा बरोबर चाळीस मिनिटं झाली होती.

हे मी रविवारी चिडून सांगितलं तर पुणेकर म्हणाला, "तो बरोबर होता रे." त्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर मोठी रचना एका तबकडीत मावत नसे. मग चार-सहा तबकड्यांचा संच कागदी खिशांच्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत घालून विकायचे. ती वही दिसायची हुबेहूब फोटोच्या अल्बमसारखी, म्हणून तिला अल्बम म्हणू लागले. पुढं वही गेली, तबकडी एक झाली, नाव तेवढं राहिलं. म्हणजे मूळ अर्थाला धरून फक्त आमचा पानठेला चालला होता, आणि चुकत होतो आम्ही चौघं शिकलेले.

दर रविवारी माझी तयारी अर्धवट. नागपूरकराचं सोपं असतं. तो दर तिसऱ्या आठवड्याला मराठी गझलेवर येतो, सुरेश भट अमरावतीचे होते याची पुणेकराला आठवण करून देतो आणि भांडण लावून गप्प बसतो. नाशिककर कोणाचंही ऐकून "मलाही अगदी तेच जाणवलं" म्हणतो. सगळा मार मला. मध्ये पुणेकरानं माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' नेमून दिला. १९५९ सालचा, जाझमधला मोठा मानलेला. त्या लोकांनी तो २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत वाजवून हातावेगळा केला. मला ऐकायला अकरा दिवस लागले. पुणेकराचा आग्रह असा, की सूर ऐकू नकोस, दोन सुरांमधली शांतता ऐक. मी ऐकली. दोन सुरांच्या मध्ये सोयाबीनचं मळणीयंत्र होतं.

मग कार्तिकात नागपूरकराला जुनी हुक्की आली. म्हणाला, या आठवड्यात चौघांनी एकच अल्बम ऐकू. आपल्या खोलीतला. 'कॉल ऑफ द व्हॅली'.

माझ्या जुन्या जखमेवर हात पडला. १९६७ सालचा हा अल्बम. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत, एकेका प्रहराच्या रागातून मांडलेला. सकाळी अहिर भैरव आणि नट भैरव, मग दुपारकडचा पिलू. दुसऱ्या बाजूला संध्याकाळचा भूप, मग देस आणि शेवटी पहाडी. खोलीतली ती कॅसेट माझ्या पैशांची होती. शिक्षण संपल्यावर वाटणीत ती मीच आणली, गावच्या टेपमध्ये घातली आणि दुसऱ्याच दिवशी टेपनं तिचं रीळ खाल्लं. पेनानं, पेन्सिलीनं, देवाचं नाव घेऊन, सगळं करून पाहिलं. फीत काही आत जाईना. मी ते भेंडोळं ओसरीवर ठेवून रडवेला बसलो होतो, तर बाबा आले, फीत दोन बोटांत धरून ताणून पाहिली आणि विचारलं, "किती निघंन हे?"

आता ज्याला आकडेमोड येते त्यानं अशा वेळी गप्प बसावं. मी हिशेब केला. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. एका बाजूची वीस मिनिटं म्हणजे सुमारे सत्तावन्न मीटर. बाबा म्हणाले, "मस्त झालं." ज्वारी तेव्हा हुरड्यात आली होती आणि पाखरं पिसाळली होती. बाबांनी अख्खा अल्बम बारा तासांवरून ताणून बांधला. (शहरातल्या वाचकांसाठी: आमच्याकडं तास म्हणजे पिकाची ओळ. साठ मिनिटांशी तिचा संबंध नाही.) वारा आला की फीत उन्हात चमकायची आणि अशी काही घुमायची की पाखरू टेकत नसे. बाजूच्या वावरवाल्यानं येऊन चौकशी केली आणि बाबा त्याला गंभीरपणे सांगत होते, "साठवाली घेजो. नव्वदची लांब असते, पण पातळ. तुटते." अल्बमची इतकी मुद्देसूद समीक्षा मी नंतर कोणाकडून ऐकली नाही. कणसं कापेपर्यंत तो वाजत होता. मेंढपाळाचा तो दिवस पूर्ण ऐकला असेल तर आमच्या ज्वारीनं.

तर आता पुन्हा तोच अल्बम. दुकानात शक्य नाही, घरात शक्य नाही. राहिलं वावर. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि त्या आठवड्यात आमच्या फीडरला रातची लाईन होती, म्हणजे पंपाची वीज रात्रीच यायची. शिवाय रोही, म्हणजे नीलगाई, हरभरा खातात, डुकरं तुरीत घुसतात, त्यामुळं रात्रीच्या राखणीची जागल होतीच. म्हटलं, मचानावर बसून निवांत ऐकू. वावरात नेटवर्क नाही, तेव्हा भाच्याला दारव्ह्याच्या मोबाईलच्या दुकानातून मेमरी कार्डात अल्बम भरून आणायला सांगितला. त्यानं आणला. सोबत अडीचशे डीजेची गाणी फुकट.

मचान बाजूच्या वावरातल्या काकाजींचं आणि माझं सामायिक. सत्तरी गाठलेला माणूस, पण अंधारात कुठं काय हललं ते त्यांना माझ्या बॅटरीच्या आधी कळतं. जवळ गोडेतेलाचा रिकामा डबा आणि काठी. डुक्कर आलं की डबा वाजवायचा.

मी स्पीकर लावला. संतूर झिरपायला लागलं.

"कोनाचं भजन हाय हे?"

"भजन नाही काकाजी. एका मेंढपाळाचा दिवस आहे. काश्मीरचा."

"मेंढ्या किती?"

"ते सांगितलं नाही."

"मंग कसा समजंन दिवस? पन्नास मेंढ्याचा दिवस येगळा, दोनशेचा येगळा."

मी म्हटलं, ऐका तर खरं. त्यांनी ऐकलं. थोड्या वेळानं विचारलं, हे पाण्यावानी कोण वाजून राहिलं? मी संतूर समजावलं: शंभराच्या आसपास तारा, मांडीवर ठेवायचं, दोन लाकडी कलमांनी हलके टोले द्यायचे. गिटारही मांडीवर आडवी ठेवून वाजवली आहे म्हणून सांगितलं. "आडवी काऊन? उभी नाई जमत?" म्हणून त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता खर्रा काढला. पण ऐकत होते. सकाळ गेली. संध्याकाळ झाली. रात्र पडली. गार वारा सुटला होता, स्प्रिंकलर फिरत होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कोणी हाक मारत नव्हतं. शेवटचा राग सुरू झाला आणि काकाजी खर्रा घोटायचे थांबले.

"भाऊ, हे तं दुपार झाली."

"अं?"

"ऐका ना. उन्ह हाय हे. ढोरं सावलीत बसले, रवंथ करून राहिले. रात झाली अन् एकदम दुपार? सकाळ कुठं गेली?"

मी नीट ऐकलं. खरंच दुपार होती. मला काही सुचेना. काकाजींनीच विचार करून सोडवलं. "जागल असंन त्याची. रातभर जागला, सकाळी झोपला, दुपारी उठला. बरोबर हाय. ज्यानं केलं त्याले समजते."

अंगावर काटा आला माझ्या. खोलीत इतक्या वेळा ऐकून आमच्या चौघांपैकी एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं.

रविवारी मी फोनची वाट पाहत बसलो होतो. अकरा मिनिटं बोललो. मेंढपाळाचा दिवस सूर्यावर नाही, झोपेवर संपतो. म्हणून अल्बमचा शेवट रात्री न करता पुढच्या दुपारी केला आहे. आणि मधली सकाळ जाणूनबुजून गाळली आहे, हेच त्यातलं मोठं धाडस. शब्द आपोआप येत होते. नागपूरकर "वा" म्हणाला. नाशिककर म्हणाला, "मलाही अगदी तेच जाणवलं." पुणेकर बराच वेळ गप्प होता. मग त्यानं विचारलं, "तू कोणत्या क्रमानं ऐकलास?"

क्रमानंच ऐकला म्हटलं. पहिला अहिर भैरव, मग भूप, देस, पहाडी, पिलू.

पलीकडून जो हसण्याचा आवाज आला तो मी लिहीत नाही. भाच्यानं आणलेल्या कार्डात राग इंग्रजी नावांच्या अकारविल्हे लागले होते. अहिरचा ए, भूपचा बी, देसचा डी, आणि पहाडी-पिलू दोघंही एकाच अक्षराचे, पण दुसऱ्या अक्षरावर पिलू मागं पडला. माझा मेंढपाळ वर्णमालेनं हाकला होता. त्यातल्या त्यात समाधान इतकंच, की हसणं थांबल्यावर पुणेकरानं नाशिककराला विचारलं, "आणि तुला काय जाणवलं म्हणालास?"

दुसऱ्या दिवशी मचानावर मी काकाजींना कबुली दिली. खरा क्रम असा आहे: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. काकाजी बराच वेळ तुरीकडं पाहत राहिले.

"मंग त्याच्यात काय हाय?" ते म्हणाले. "तसं तं बैलही करते."

हे वाक्य मी पुणेकराला कळवायला नको होतं. तो दोन दिवस अस्वस्थ होता म्हणे. त्यानं अल्बम माझ्या क्रमानं लावून पाहिला, पुन्हा खऱ्या क्रमानं लावला, आणि मग मला फोन केला की येत्या रविवारी काकाजींना फोनवर घे. मी म्हटलं, वावरात नेटवर्क नाही. तो म्हणाला, बघ काहीतरी. मचानाच्या लिंबावर आणखी दोन फांद्या चढलं की एक दांडी येते. तिथं फोन सुतळीनं बांधला आणि आवाज मोठा केला. गेल्या तीन वर्षांत माझ्यासाठी इतकी खटपट कोणी केली नव्हती.

नमस्कार झाले. नाशिककरानं, आपण काहीतरी विचारावं म्हणून, विचारलं, "काकाजी, तुम्हाला कोणती गायकी आवडते?"

"आवडाचं काय त्याच्यात?" काकाजी म्हणाले. "पोटासाठी केली. पंधरा वर्सं."

"अरे वा! म्हणजे तुम्ही गात होता?"

"गात नाई बाप्पा, गावचा गायकी होतो! साऱ्या गावाचे ढोरं होते माझ्यापाशी. सकाळी आखरावून सोडाचो, दिवस बुडता आनाचो."

नागपूरकराला तेवढं कळलं, तो खो-खो हसला. आमच्याकडं गायकी म्हणजे गुराखी. पुणेकरानं मात्र विषय हातचा जाऊ दिला नाही. त्यानं आपला तोच प्रश्न काढला, आवाज मऊ करून, "काकाजी, सध्या काय ऐकताय?"

काकाजींनी मान वळवली. हाताचा पंजा वर केला.

"डुक्कर," ते कुजबुजले. "बोलू नका."

आणि डबा-काठी घेऊन ते मचानावरून खाली उतरले. मागोमाग मी. फोन लिंबावर तसाच. अंधारात तुरीची खसखस, मग काहीच नाही, मग पुन्हा खसखस, हरभऱ्याच्या बाजूनं. काकाजी दबा धरून बसले. डुक्कर कोणत्या अंगानं निघतं ते पाहिल्याशिवाय डबा वाजवला की ते गावाकडच्या धुऱ्यानं न जाता आपल्याच पिकातून पळतं, हे त्यांचं शास्त्र. मग एकदम डबा, आरोळी, माझी बॅटरी, कळपातल्या सहा-सात डुकरांची पळापळ, लांबच्या वावरातून दुसऱ्या डब्याचा आवाज, आणि शांत.

वर येऊन फोन पाहिला तर चालूच होता. बावीस मिनिटं झाली होती. नागपूरकर आणि नाशिककर निघून गेले होते, पुणेकर होता.

"अरे," तो दबक्या आवाजात म्हणाला, "काय होतं हे! सुरुवातीची ती लांब शांतता... मग ती खसखस, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. आणि शेवटी दुरून उत्तर देणारा तो दुसरा डबा. फक्त पहिला डबा जरा उशिरा आला, असं वाटलं."

काकाजींनी लिंबाकडं मान वर करून तोंडाला हाताची वाटी केली. "उशिरा आला म्हनून तं सहा तास गेले!"

"सहा तास?" पुणेकर म्हणाला. "अहो काकाजी, बावीस मिनिटं तर झाली."

काकाजींनी हरभऱ्याच्या उकरलेल्या सहा तासांवर बॅटरी फिरवली, मग माझ्या तोंडावर धरली.

"हा तुमच्यासंगच शिकला ना," त्यांनी विचारलं, "शेतीच्या कालेजात?"